इमेज उघडत नाही तेव्हा: स्पार्सबंडल बरा की व्हेराक्रिप्ट?

खासगी कागदपत्रं कुलपात ठेवायची तर मॅकवाल्यांपुढे दोन सोयीचे पर्याय असतात: मॅकचाच स्पार्सबंडल किंवा व्हेराक्रिप्ट या मोफत प्रोग्रॅमचा कंटेनर. दोन्ही म्हणजे पासवर्डने बंद होणारी इमेज, उघडली की वेगळ्या डिस्कसारखी दिसणारी. २५६ बिटांचं एईएस एन्क्रिप्शन दोन्हीकडे मिळतं, त्यामुळे ‘जास्त सुरक्षित कोण’ यावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. मी एवढंच बघतो, की एके दिवशी इमेज उघडलीच नाही तर हातात काय उरतं?

व्हेराक्रिप्टचं उत्तर ठरलेलं: पासवर्ड चुकलाय किंवा हा व्हेराक्रिप्टचा व्हॉल्यूमच नाही. मोघम वाटतं, पण त्यालाही खरंच कळत नसतं. तुमच्या पासवर्डने तो हेडर, म्हणजे किल्ल्या ठेवलेला फाइलचा सुरुवातीचा भाग, उलगडतो आणि आत ‘व्हेरा’ची चार रोमन अक्षरं दिसतात का ते बघतो. दिसली नाहीत तर पासवर्ड चुकलाय की हेडर खराब झालाय, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून आधी साध्या गोष्टी तपासा: कॅप्स लॉक, कीबोर्डची भाषा, कीफाइल (पासवर्डच्या जोडीला लावलेली फाइल), पीआयएमचा आकडा (पासवर्डसोबत द्यायचा, तुम्हीच ठरवलेला). मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आणि दोष निघाला पासवर्डसोबत पेस्ट झालेल्या एका स्पेसचा! एवढं करूनही दार बंदच असेल तर माउंट ऑप्शन्समध्ये बॅकअप हेडर वापरण्याची खूण करा. फाइलच्या शेवटच्या १२८ केबीत हेडरची जादा प्रत असते. कंटेनर व्हेराक्रिप्टच्या आधीच्या, जुन्या ट्रूक्रिप्ट प्रोग्रॅमचा असेल तर व्हेराक्रिप्टची १.२५.९ आवृत्ती शोधा, १.२६ पासून तो आधार काढून टाकलाय.

स्पार्सबंडल दिसतो फाइलसारखा, पण असतो फोल्डर. राइट-क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ म्हटलं की ‘बँड्स’ फोल्डर दिसतो. त्यात डेटाचे तुकडे, सहसा प्रत्येकी ८ एमबीपर्यंतचे. बाजूला ‘टोकन’ नावाची बारकी फाइल. एन्क्रिप्टेड बंडलची किल्ली पासवर्डखाली बंद होऊन हिच्यातच बसलेली असते. ही शून्य बाइटची झाली असेल तर पासवर्ड कितीही बरोबर असो, उपयोग नाही. पासवर्ड स्वीकारला आणि पुढे अडलं, तर इमेज टर्मिनलमधून मॅकच्याच ‘एचडीआययूटिल’ (hdiutil) कमांडने फक्त वाचण्यापुरती जोडून बघा. दुरुस्तीचे प्रयोग मात्र कायम नकलेवर करायचे.

क्लाउड सिंकमध्ये दोघांचीही खोड वेगळी. बंडलचे बदललेले बँडच वर जातात, म्हणून काम झटपट होतं, पण अर्धे नवे अर्धे जुने बँड एकत्र आले की आतली फाइल सिस्टिम बिघडते. व्हेराक्रिप्ट मूळ सेटिंगमध्ये कंटेनरची तारीख बदलूच देत नाही, त्यामुळे सिंकला कधीकधी बदल झाल्याचा पत्ताच लागत नाही. ते सेटिंग बंद करता येतं.

फक्त मॅक वापरत असाल आणि जागा लागेल तशी वाढायला हवी असेल, तर स्पार्सबंडल घ्या, पण टोकन फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा. विंडोज किंवा लिनक्सवरही उघडायचं असेल तर व्हेराक्रिप्टच. माझं मत तसंही तिकडेच झुकतं, कारण हेडरचा बॅकअप घ्यायची सोय मेनूतच आहे. मात्र त्या बॅकअपला तेव्हाचाच पासवर्ड लागतो. नंतर पासवर्ड बदललात तर नवा बॅकअप घ्या आणि जुना नष्ट करा, नाहीतर जुना पासवर्ड माहीत असलेला माणूस त्यावरून कंटेनर उघडू शकतो.