भिंतीवरची व्हिक्टोरियन भुतं: एक हिवाळा, एक उन्हाळा झाल्यावरचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात हॉलची एक अख्खी भिंत जुन्या इंग्रजी भूतकथांच्या चित्रांनी भरली तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं होतं, कुठून आणलीस, किती खर्च आला, रात्री भीती नाही का वाटत. तेव्हा नव्याची नवलाई होती, काहीही कौतुक केलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता इंग्लंडमधल्या लीड्सचा हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही त्या भिंतीने काढलेत, त्यामुळे लिहिते.

आधी टांगण्याचं. आमचं भाड्याचं टेरेस हाऊस आहे, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या ओळीतलं घर, व्हिक्टोरियन काळातलंच. आत जुना चुन्याचा गिलावा, खिळा ठोकला की भसाभसा पडतो, आणि घरमालकाला ड्रिल चालत नाही ते वेगळंच. पण अशा जुन्या घरांत बऱ्याचदा छतापासून थोडं खाली भिंतभर एक लाकडी पट्टी असते, पिक्चर रेल म्हणतात, तिच्यावर पितळी हूक अडकवायचा आणि दोरीने फ्रेम खाली सोडायची. भिंतीला एक भोक नाही. तुमच्या घरात ही पट्टी असेल तर निम्मं काम झालंच समजा.

चित्रं बहुतेक सगळी फुकट मिळाली कारण हे चित्रकार जाऊन शंभराच्या वर वर्षं झालीत, कॉपीराइट संपलेत. ब्रिटिश लायब्ररीनेच 2013 मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांवर चित्रं फ्लिकरवर टाकली होती. मोठं स्कॅन शोधायचं आणि प्रिंट करून घ्यायचं, बस. पण कुठलं चित्र निवडायचं इथे खरी गंमत आहे, आणि माझं मत आता पक्कं झालंय की ज्या चित्रात भुताची थोडी टिंगल आहे तेच भिंतीवर टिकतं. नुसतं घाबरवणारं असेल तर महिन्याभरात डोळ्याला दिसेनासं होतं किंवा मग नकोसंच होतं.

जॉन लीच घ्या. कंजूस स्क्रूजला भुतं भेटतात त्या डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'ची मूळ चित्रं याची, डिसेंबर 1843. चार रंगीत एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने कोरलेली) आणि चार लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली काळी-पांढरी. लीच मूळचा पंच या विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार, त्यामुळे त्याचा मार्लेसुद्धा, म्हणजे स्क्रूजचा मेलेला भागीदार, भूत कमी आणि कंटाळलेला कारकून जास्त वाटतो. डोक्याला फडकं बांधलेलं, कमरेला साखळी आणि त्या साखळीला पैशाच्या पेट्या लटकतायत. समोर स्क्रूज शेकोटीपाशी खुर्चीत. मी हे ए3 मध्ये केलंय, सोफ्याच्या वर, आणि अजून रोज त्यात काहीतरी नवीन सापडतं. माझी आई मे महिन्यात आली होती, तिला गोष्ट माहीत नाही, तिने साखळी बघितली आणि म्हणाली, "हा सावकार होता वाटतं." आता अजून काय सांगायचं राहिलं! (घरात भुतांचे फोटो लावू नयेत वगैरे झालंच, पण दुसऱ्या दिवशी त्याच चित्राखाली बसून चहा.)

रंगाबद्दल एक लक्षात ठेवा. ती चार चित्रं त्या काळी हाताने रंगवायचे, प्रत्येक प्रतीत. पहिल्या 6,000 प्रती हातोहात खपूनही डिकन्सच्या हाती जेमतेम 230 पौंड आले, अपेक्षा हजाराची होती, कारण हे रंगकाम आणि सोनेरी बांधणीचे लाड. आपल्या कामाचा मुद्दा असा की हाताचं काम असल्यामुळे प्रत्येक प्रतीचा रंग थोडा वेगळा, म्हणून दोन-तीन वेगळी स्कॅन बघा आणि मगच ठरवा. एकात ख्रिसमसच्या स्पिरिटचा (भुताचा) झगा छान बाटलीहिरवा आहे, दुसऱ्यात पार शेवाळ.

फिझ या चित्रकाराची, डिकन्सच्याच 'ब्लीक हाऊस' कादंबरीतली काळोखी चित्रं मला सगळ्यात जास्त आवडतात, पण प्रिंटिंगला सगळ्यात त्रासदायक हीच. 'द घोस्ट्स वॉक' बघा, भूत कुठेच नाही, नुसती गच्ची आणि अंधार. तो अंधार आणायला धातूच्या प्लेटवर आधी मशीनने अगदी जवळजवळ बारीक समांतर रेघा मारून घ्यायचे आणि मग उजेडाच्या जागा सोडवायच्या. आता असलं चित्र हलक्या स्कॅनवरून छापलं की त्या रेघांवर लाटा-लाटा उमटतात, साडीच्या दुकानातल्या मोअर सिल्कसारख्या. मी ज्या ऑनलाइन दुकानातून पहिली प्रिंट मागवली त्यांनी तशीच पाठवली, वर म्हणे जुनी चित्रं अशीच असतात. नसतात हो. मोठं स्कॅन घेऊन गावातल्या प्रिंटरकडून करून घेतलं तर एकेक रेघ सुटी दिसते.

पाहुण्यांच्या खोलीत मॅकब्राइडचं ते पलंगावरून उठणारं चादरीचं भूत लावलं होतं, भूतकथा लिहिणाऱ्या एम. आर. जेम्सच्या 1904 च्या पुस्तकातलं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर व्हिक्टोरिया तेव्हा गेलेली होती, पण जातकुळी तीच. मॅकब्राइड त्याच वर्षी वारला, चारच चित्रं पूर्ण झाली आणि जेम्सने मित्राची आठवण म्हणून तेवढ्यांवरच पुस्तक काढलं. चित्र अप्रतिम आहे. पण चुरगळलेल्या चादरीला तोंड असलेलं चित्र पलंगासमोर नको, दोन मैत्रिणींनी रात्री फ्रेम भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली होती. आता ते जिन्यात आहे, तिथे चालतं.

'कार्मिला' या रक्तपिशाच्च बाईच्या गोष्टीचं फ्रिस्टनचं चित्रही घेतलेलं, झोपलेल्या मुलीवर वाकलेली ती. शेरलॉक होम्सला पहिल्यांदा चित्रात आणणारा फ्रिस्टन तो हाच, 1887 मध्ये. नाव मोठं पण माझ्या भिंतीवर ते फार नाटकी वाटायला लागलं, फेब्रुवारीत उतरवलं. आणि डिकन्सच्या 'सिग्नलमन' या भूतकथेचं मूळ चित्र शोधत बसू नका, गोष्ट 1866 मध्ये ज्या अंकात आली त्या डिकन्सच्या साप्ताहिकात चित्रंच नसायची.

जुनी खरी पानंही मिळतात, पुस्तकं फाडून सुटी विकतात लोक, मला ते पटत नाही पण एक घेतलं, एका साप्ताहिकाच्या ख्रिसमस अंकातलं. त्यावर उभी-आडवी केसाएवढी पांढरी रेघ दिसते, ती घडी नव्हे. मोठ्या चित्रासाठी बॉक्सवुडचे छोटे ठोकळे बोल्टने जोडायचे, वेगवेगळे कारागीर एकेक तुकडा कोरायचे, त्या जोडाची खूण ती. मला चित्रापेक्षा तीच जास्त बघावीशी वाटते. कागद मात्र पिवळा आणि ठिसूळ, पाठीमागची छपाई पण पुढे उमटते. ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा) घ्याच, पैसे वाचवू नका.

आता हिवाळा. बाहेरच्या भिंतीला ओल येते, फ्रेम भिंतीला चिकटून असेल तर मागे बुरशी ठरलेली. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावल्या, हवा खेळती राहिली, मग त्रास नाही. कसरीवर लक्ष ठेवा, तिला जुना कागद प्रिय. आणि जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, खिडकीसमोरची स्वस्तातली प्रिंट ऑगस्टपर्यंत अर्धी उडाली, तिचा लाल तर गेलाच. पिगमेंट इंकवाल्या आहेत तशाच आहेत. काच साधी घेऊ नका, काळ्या चित्रात आपलंच तोंड दिसतं, मॅट ॲक्रेलिक बरं.

खर्चाचं म्हणाल तर चित्रं फुकट आणि फ्रेमा महाग. मी निम्म्या फ्रेमा चॅरिटी शॉपमधून उचलल्या, आतली लँडस्केपं काढून टाकली. पुढचा नंबर लीचच्याच इग्नोरन्स आणि वॉन्ट (अज्ञान आणि गरिबी) या दोन पोरांचा, मागे कारखान्यांच्या चिमण्या असलेलं ते चित्र. नवरा म्हणतो जेवणाच्या टेबलासमोर नको, मी म्हणते तिथेच हवं. बघू.