डोसच्या हिशेबात मासळी किती धरायची? आहाराच्या तीन आकड्यांची तुलना

अणुकेंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे आसपासच्या लोकांना वर्षाला किरणोत्सर्गाचा किती डोस मिळतो, हा साधा गुणाकार आहे: अन्नात किलोमागे किती बेकरेल (किरणोत्सर्गी पदार्थ मोजायचं एकक), वर्षात किती किलो खाल्लं आणि एका बेकरेलमागे किती डोस. पहिला आकडा प्रयोगशाळा मोजते, तिसरा आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या तक्त्यात असतो. मधला मात्र जुन्या फायलीतून नव्या फायलीत जसाच्या तसा उतरतो. तुर्भे (ट्रॉम्बे) किंवा तारापूरच्या किनाऱ्यासाठी तो बदलायचा असेल, तर आंतरराष्ट्रीय तक्ता, केंद्र सरकारची कौटुंबिक उपभोग खर्च पाहणी आणि कोळीवाड्यात स्वतः केलेली पाहणी, असे तीन पर्याय आहेत.

आधी बदलायची गरज आहे का, ते बघा. समजा माशात किलोला १ बेकरेल सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे (हा आकडा फक्त उदाहरणापुरता). प्रौढासाठी एका बेकरेलमागे ०.०१३ मायक्रोसिव्हर्ट (डोसचं एकक). वर्षाला १५ किलो मासे धरले तर डोस ०.२ मायक्रोसिव्हर्ट, रोज पाव किलो, म्हणजे ९१ किलो धरले तर १.२. सहापट झाला, पण लोकांसाठीची मर्यादा वर्षाला १००० मायक्रोसिव्हर्ट आहे. म्हणून प्रत्येक पदार्थ आधी मुद्दाम फुगवून धरा. तरीही बेरीज १० मायक्रोसिव्हर्टच्या खाली राहिली, तर पाहणीवर खर्च करू नका.

आंतरराष्ट्रीय तक्ता फुकट आणि तयार आहे. त्याचा उपयोग तेवढाच. अनस्केअर या संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक समितीच्या २००० च्या अहवालात प्रौढासाठी वर्षाला धान्य १४० किलो, दूध १०५, मांस ५०, पालेभाज्या ६०, मासे १५ असे आकडे आहेत. ५० किलो मांस मुंबईतल्या बहुतेक घरांना लागू नाही, आणि १५ किलो मासे म्हणजे रोजचे ४१ ग्रॅम, कोळ्याच्या ताटात तेवढ्याने सुरुवातही होत नाही. वेगवेगळ्या देशांची तुलना करायला तक्ता ठीक आहे, कोळीवाड्याच्या हिशेबाला नाही.

खर्च पाहणीची ताजी फेरी २०२३-२४ ची. आधीची २०२२-२३ ची, आणि तिच्याआधी प्रसिद्ध झालेली थेट २०११-१२ ची. कुटुंबनिहाय नोंदी उपलब्ध असल्यामुळे धान्य, डाळी, दूध, भाज्या यांच्यासाठी हा चांगला पाया आहे. मासळीसाठी नाही. २०११-१२ च्या पाहणीत मासे आणि कोळंबी एकाच ओळीत आहेत, तिसऱ्या या शिंपल्यांसाठी वेगळी ओळ नाही. दरडोई सरासरीत मासे न खाणारेही भागाकारात येतात, म्हणून मासळी घेणारी कुटुंबं वेगळी काढून त्यांच्यावरच भागा. शिवाय हे आकडे कुटुंबाचे असतात: दीड वर्षाच्या बाळाला आणि आजोबांना समान वाटा मिळतो. खानावळीतलं जेवण आणि वडापाव तांदूळ-बटाट्याच्या किलोंत येत नाहीत, ते वेगळे मिळवावे लागतात.

स्वतःची पाहणी महाग पडते, पण मासळीसाठी तिला पर्याय नाही. पहिली चूक वाराची. ‘काल काय खाल्लं?’ हे मंगळवारी विचारलं तर उत्तर सोमवारचं येतं आणि अनेक घरांत ते शून्य असतं. सोमवारी विचारलं तर रविवारचं भरलेलं ताट सापडतं. गुरुवार, शनिवार, संकष्टी, श्रावण यांचाही तोच घोळ. म्हणून मुलाखती सातही वारांत वाटा, प्रत्येकाला लागोपाठ नसलेले किमान दोन दिवस विचारा आणि जूनपासूनच्या मासेमारीबंदीत एक फेरी वेगळी करा. तेव्हा घरात सुकी मासळी असते.

दुसरी चूक वजनाची. सुके बोंबील किलोभर नोंदवले आणि प्रयोगशाळेचे बेकरेल ताज्या वजनावर असले, तर डोस कित्येक पटींनी कमी निघतो. किलोभर सुक्या बोंबलाला ताजे पाच-सात किलो लागतात. नक्की गुणक त्याच गावात, वाळवण्याआधी आणि नंतर वजन करून काढा. शिंपल्या (तिसऱ्या) वाट्यावर विकल्या जातात, किलोवर नाही. पाच-सहा वाटे विकत घ्या, विळीवर कच्च्याच उघडा, एका शिंपीला चिकटलेलं मांसही सोडवा आणि फक्त मांस तोला. शिजवून तोललं तर पाणी सुटल्याने वजन कमी भरतं. भाताचं उलट: भांड्यात तांदळाच्या अडीच-तीनपट वजन दिसतं, म्हणून नोंद कच्च्या तांदळाची ठेवा.

जवळा सगळाच पोटात जातो, कोळंबी सोलून, डोकं काढून. पोलोनियम-२१० हा किरणोत्सर्गी पदार्थ त्यांच्या डोक्याकडच्या पचनग्रंथीत साठतो. प्रयोगशाळेने नुसतं मांस मोजलं असेल तर जवळ्याचा हिशेब चुकतो. पोलोनियमच्या एका बेकरेलमागे १.२ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे सीझियमच्या सुमारे नव्वदपट. पण हे नैसर्गिक आहे. केंद्राच्या डोसमध्ये मिसळू नका, वेगळ्या रकान्यात लिहा. अर्धायुष्य १३८ दिवस असल्याने सहा महिने डब्यात ठेवलेल्या सुकटीत ते निम्म्याहून कमी उरतं.

नमुन्याचा आकारही तपासा. आयसीआरपीच्या २००६ च्या शिफारशीनुसार प्रातिनिधिक व्यक्तीसाठी (जास्त डोस मिळणाऱ्यांच्या वतीने हिशेबात धरलेला माणूस) सवयींचा ९५ वा शतमक चालतो, म्हणजे ज्याच्या वर शंभरातले पाचच जण असतात असा आकडा. ६० जणांना विचारलं तर त्याच्या वर तिघंच उरतात. त्यात एक पाहुणचाराचा दिवस आला की आकडा हलतो. मासे खाणारे किमान २०० जण हवेत.

आमची शिफारस मिश्र तक्त्याची आहे: धान्य-भाजी खर्च पाहणीतून, मासे-शिंपल्या स्वतःच्या पाहणीतून. सगळ्याच ओळींत ९५ वा शतमक भरू नका; तसा माणूस रोज अवाजवी कॅलरी खाणारा निघतो. ब्रिटनमध्ये सर्वाधिक डोस देणाऱ्या दोन पदार्थांना वरचा आकडा आणि बाकीच्यांना सरासरी देतात. तेच करा.

बाळाची दुधाची ओळ वेगळी ठेवा. दुधातून येणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ साठी वर्षाच्या बाळाचा गुणक एका बेकरेलमागे ०.१८ मायक्रोसिव्हर्ट आहे, प्रौढाचा ०.०२२. पण पिशवीतलं दूध लांबून येतं आणि अनेक गावांचं एकत्र झालेलं असतं. त्यामुळे लिटर विचारण्याआधी दूध पिशवीचं की जवळच्या तबेल्यातलं, हे विचारा.