कोलाजेन पावडरचे तीन डबे संपवल्यावर

पंचवीस वर्षं शिवणकाम करतेय. वय ५३. मशीन खिडकीला लागून आहे आणि उजेड डाव्या बाजूने येतो. मध्यंतरी आरशात नीट निरखून पाहिलं, तर डावा गाल उजव्यापेक्षा सरळसरळ म्हातारा. सुरकुत्या जास्त आणि दोन तपकिरी डागही त्याच बाजूला. त्याच आठवड्यात कोलाजेन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) पावडरचा ३०० ग्रॅमचा डबा मागवला, मग आणखी दोन. साडेतीन महिन्यांत तिन्ही संपले.

बिनचवीची आहे म्हणतात. पण कोमट पाण्यात टाकली की माशाचा हलका वास येतोच. माशाच्या कातडीपासून केलेली आहे, हे डब्याच्या मागे इतक्या बारीक अक्षरांत छापलंय की सुईत दोरा ओवायचा चष्मा लावावा लागला. ॲलर्जी असलेल्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी ती ओळ आधी शोधा. (‘व्हेगन कोलाजेन’ म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा व्हिटॅमिन सी वगैरे असतं, कोलाजेन नसतंच.) थंड पाण्यात गुठळ्या होतात. आधी दोन चमचे पाण्यात कालवून घ्या, मग पेला भरा.

खरी तक्रार चमच्याबद्दल. डब्यावर लिहिलंय रोज एक चमचा, म्हणजे १० ग्रॅम, तीस दिवस. तिसाव्या दिवशी पाहते तर जवळजवळ तिसरा हिस्सा पावडर शिल्लक! कापड मोजल्याशिवाय कात्री लावायची नाही ही माझी सवय, म्हणून चमचा सपाट भरून काट्यावर ठेवला. ७ ग्रॅम. कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं की चमचा शिगोशीग भरा. भरला. साडेआठ. दुसऱ्या डब्यापासून काट्यावर मोजूनच घेतली, पण हे काम गिऱ्हाइकाने का करायचं?

आता मुख्य प्रश्न, उपयोग झाला का. त्याआधी थोडं अस्तराबद्दल बोलते. वरची कातडी पातळ असते. तिच्याखालच्या थराला बळकटी येते ती मुख्यतः कोलाजेनमुळे. त्याचा रेणू म्हणजे चक्क तिपेडी वेणी! ही रचना मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडली. विशी-पंचविशीनंतर हे अस्तर दरवर्षी साधारण एक टक्क्याने विरत जातं आणि पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत जवळपास ३० टक्के. माझी जाऊन तीन वर्षं झाली. त्यात ऊन. अतिनील किरणांमुळे त्वचेत असे एन्झाइम वाढतात की ते हेच धागे कातरत सुटतात. या किरणांच्या दोन प्रकारांपैकी यूव्हीबी खिडकीची काच बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र आत येतात. माझ्या डाव्या गालाचा गुन्हेगार तिथेच सापडला.

गिळलेलं कोलाजेन उचलून गालावर बसत नाही. पोटात वेणी उसवते आणि अमिनो आम्लांचे (प्रथिनं ज्यांची बनतात त्यांचे) सुटे कण व काही बारके तुकडे रक्तात जातात. ते तुकडे त्वचेतल्या पेशींना कामाला लावतात, असा दावा आहे. काही चाचण्यांत ८ ते १२ आठवड्यांत ओलावा आणि लवचीकपणा थोडा वाढलेला दिसला. पण २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा कंपन्यांच्या पैशांशिवाय झालेल्या चाचण्यांत फरक दिसला नाही. कोलाजेनच्या क्रीमचं तर विचारूच नका, एवढा मोठा रेणू कातडीतून आत शिरतच नाही.

मी दर रविवारी सकाळी त्याच खिडकीत, केस मागे बांधून फोटो काढत गेले. पहिला आणि शेवटचा फोटो बहिणीसमोर ठेवला आणि नंतरचा कोणता ते विचारलं. तिने आत्मविश्वासाने पहिल्यावर बोट ठेवलं. हाताला कातडी थोडी मऊ लागते, हे खरं. नखंही कमी तुटली. पण पावडरच्या निमित्ताने रोज पेलाभर पाणी जास्त पोटात गेलं आणि दुसऱ्या महिन्यापासून सनस्क्रीनही लावू लागले, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? डाग आणि सुरकुत्या जिथल्या तिथे आहेत. त्रास मात्र काही झाला नाही. पहिले चार दिवस पोट जड वाटलं, तेवढंच.

पाचपैकी दोन. त्यातला एक वास सहन होण्याजोगा आहे म्हणून. चौथा डबा मागवला नाही. खिडकीला जाड पडदा शिवला, मशीन फिरवून घेतलं आणि सनस्क्रीन चालू ठेवलंय. सात ग्रॅमचा तो चमचा हुकांच्या डब्यात टाकलाय. हुक काढायला अगदी बेताचा आहे.