ॲस्टेरिस्क आणि आमचं जुनं कर्मचारी टेबल: आठ महिन्यांनंतर

बॅलार्ड इस्टेटला आमचं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस. एक शाखा न्हावा शेवाला, एक सहार कार्गोजवळ. तिन्हीकडचे फोन एकाच ॲस्टेरिस्क २० वर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर, आणायचे होते. अट एकच: पगाराच्या सॉफ्टवेअरचं मायएसक्यूएल डेटाबेसमधलं कर्मचारी टेबल बदलायचं नाही. ते लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय, त्यामुळे त्याच्या कॉलमना हात लावायची कोणाची छाती नाही.

ॲस्टेरिस्कच्या रिअलटाइमला, म्हणजे फोनची माहिती थेट डेटाबेसमधून वाचायच्या सोयीला, एंडपॉइंट (फोनची सेटिंग), ऑथ (पासवर्ड) आणि एओआर (फोन सध्या कुठे सापडेल तो पत्ता) अशी स्वतःच्या मापाची टेबलं लागतात. आधी वाटलं, नवी टेबलं करू आणि रोज रात्री त्यांत माहिती ओतू. पण एकच एक्स्टेंशन दोन ठिकाणी लिहिलं की आज ना उद्या घोळ ठरलेला. मग जुन्या टेबलावरच व्ह्यू (माहितीची नक्कल न करता टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) बांधले, कॉलमना ॲस्टेरिस्कच्या ओळखीची नावं दिली आणि डेटाबेसशी बोलणाऱ्या ओडीबीसी या दुव्याने जोडले. पहिल्या खेपेला आळसाने सगळेच कॉलम घेतले होते. जन्मतारखेचा अनोळखी कॉलम ॲस्टेरिस्कने मुकाट्याने गाळून टाकला! व्ह्यूत फक्त कामावर असलेलेच येतात, त्यामुळे एचआरने राजीनामा नोंदवला की त्या माणसाचा फोन आपोआप बंद. एवढ्यासाठीसुद्धा हा खटाटोप मी पुन्हा करेन.

दमवलं ते पासवर्डने. जुन्या टेबलात नुसत्या पासवर्डचा एमडी५ (ज्यावरून मूळ मजकूर उलटा काढता येत नाही असा ठसा) होता. सिपला, म्हणजे इंटरनेट फोनच्या भाषेला, हवा असतो तो युजरनेम, रेल्म (सर्व्हरचं ओळखनाव) आणि पासवर्ड मध्ये कोलन घालून जोडल्यावर काढलेला एमडी५. एकावरून दुसरा निघत नाही, हे पटायला मला दोन रात्री लागल्या. शेवटी फोनपुरतं वेगळं छोटं टेबल केलं आणि प्रत्येक फोनवर हिंडून नवा पासवर्ड भरला. न्हावा शेवाची फेरी नेमकी जुलैच्या पावसात आली.

कॉलच्या नोंदींचं काम मात्र तासाभरात झालं. ॲस्टेरिस्कचा अडॅप्टिव्ह ओडीबीसी हा नोंदी लिहिणारा भाग तुमच्या टेबलाचे कॉलम स्वतः वाचतो. नावं वेगळी असतील तर एलियसची (पर्यायी नावाची) एक ओळ पुरते.

पहिले दोन महिने पगाराच्या दिवशी फोन रुसायचे. टेबल मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या साठवण-पद्धतीत होतं, त्यात एक ओळ बदलायची तरी अख्ख्या टेबलाला कुलूप लागतं आणि ॲस्टेरिस्क रांगेत ताटकळतो. अकाउंट्सच्या काकांना दोनदा चहा पाजला, बॅकअप दाखवला, तेव्हा कुठे इनोडीबीवर, म्हणजे फक्त बदलणारी ओळ कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीवर, न्यायची परवानगी मिळाली. कॉलम तेच राहिले, म्हणून अटही मोडली नाही, असं मी त्यांना सांगितलं.

एक दुखणं अजून आहे. नावं देवनागरीत आहेत. ओडीबीसीला यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) सांगितल्यावर नावांच्या जागी येणारी प्रश्नचिन्हं गेली, सॉफ्टफोनवर (संगणकातल्या फोन ॲपवर) नावं नीट दिसतात. पण आमच्या स्वस्तातल्या डेस्कफोनमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. तिथे मालकांचा फोन आला तरी चौकोन, गोदामातून आला तरी चौकोन.