बारा दिवसांची व्हॅन की एका नदीकाठचे सहा दिवस?

दर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्या दोन मित्रांनी एकाच महिन्यात मला एकच प्रश्न विचारला. न्यूझीलंडला गाइडबरोबर छोट्या गटात चालायला जायचंय, तर दोन्ही बेटांवरची पाच-सहा राष्ट्रीय उद्यानं दाखवणारी बारा दिवसांची सहल घ्यावी, की उत्तर बेटावरची टोंगारिरो आणि व्हांगानुई ही दोनच उद्यानं माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, गाइडबरोबर सावकाश पाहावीत? मोठी सहल मी 2019 च्या फेब्रुवारीत केली, छोटी 2024 च्या मार्चमध्ये. दोन्ही वेळा बायको बरोबर होती. व्हिसा, विमान, थर्मल हे तुम्ही बघितलेलं असेलच. खर्चाचंही लिहीत नाही, दिवसाच्या हिशेबाने मला दोन्हींत फार फरक जाणवला नाही.

मोठ्या सहलीची बाजू भक्कम आहे. हूकर व्हॅलीची वाट सह्याद्रीतल्या माणसाला चढ म्हणून काहीच नाही, जाऊन-येऊन दहा किलोमीटर. पण वाट संपते तिथे हिमनग तरंगणारं तळं आणि त्यामागे 3,724 मीटरचा आओराकी, म्हणजे माउंट कुक. आमचा बडबडा गट तिथे पंधरा मिनिटं गप्प उभा होता. फिओर्डलँडमध्ये अख्खा दिवस पावसात चाललो, जुलैत ताम्हिणीत चालतो तसा, फक्त पाणी हाडात शिरणारं. एबल टास्मनच्या सोनेरी किनाऱ्यांवरून चाललो. कीआ नावाचा डोंगरी पोपट आमच्या व्हॅनच्या दाराचं रबर ओढत बसला होता, तेही पाहिलं. यातलं काहीच छोट्या सहलीत नाही. तिकडे एकदाच जाणं होणार असेल तर ही उणीव मी लहान म्हणणार नाही.

गाइडही चांगला होता. झाडं, पक्षी, खडक नावानिशी सांगायचा. माओरी गोष्टी मात्र ‘मी ऐकलंय ते सांगतो’ असं म्हणूनच सांगायचा, आणि त्याचा तो प्रामाणिकपणा मला आवडला.

माझं बिनसलं ते सामानापाशी. बारा रात्रींत नऊ मुक्काम. रोज सकाळी साडेसातला बॅगा व्हॅनच्या मागे हजर पाहिजेत. फिओर्डलँडच्या पावसात बूट आतपर्यंत भिजले आणि पुढचे चार दिवस वाळले नाहीत. रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सकाळी ते ओले बोळे काढायचे, बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली सरकवायचे. व्हॅनभर कुबट वास. एरवी हे किरकोळ वाटलं असतं, पण रोजच्या रोज झालं की मन त्यातच अडकतं. समोर डोंगर असताना मी उद्याचं आवरणं मोजत होतो. बायको म्हणाली, ‘आपण बघायला आलोय की पॅकिंगला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याच धावपळीत टोंगारिरोची मोठी वाट हुकली. त्या दिवशी वर वारा फार होता, म्हणून बंद. दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ झाली, तोवर आम्ही रोटोरुआच्या रस्त्याला लागलो होतो.

त्याच रस्त्यावर माइकवरून डोंगरांच्या भांडणाची गोष्ट ऐकली. पिहांगा या डोंगरीवरून टोंगारिरो आणि तारानाकी यांच्यात युद्ध झालं, हरलेला तारानाकी रडत समुद्राकडे निघाला आणि जाताना जमीन चिरत गेला. ती चीर म्हणजे व्हांगानुई नदी. ऐकताना मी मोजे पिळत होतो. रात्री रोटोरुआला हाका हा माओरी समूहनाच झाला, जमिनीत पुरून शिजवलेलं हांगीचं जेवण झालं, नऊला परत व्हॅन. त्या मंडळींना मी नावं ठेवणार नाही. तिथल्या माओरी बायका 1886 च्या तारावेरा उद्रेकाच्या आधीपासून पाहुण्यांना वाटा दाखवत आल्या आहेत, त्या आतिथ्याला स्वतःचा इतिहास आहे. पण आम्ही प्रेक्षक होतो, आणि सहलीचा माओरी भाग तेवढाच होता.

आता छोटी सहल. सहा रात्री, मुक्काम दोनच. टोंगारिरोच्या पायथ्याशी तीन रात्री. पहिल्या दिवशी वारा होता, तर आम्ही खालच्या जंगलात फिरलो आणि दुसऱ्या दिवशी वर गेलो. वीसेक किलोमीटर. 1,886 मीटरवरच्या रेड क्रेटरवरून पाचूच्या रंगाच्या तळ्यांकडे उतरताना अस्सल घसारा आहे, टाच रोवत उतरायचं. आमची गाइड त्याच डोंगराखाली वाढलेली. निघण्याआधी तिने प्रार्थना म्हटली. तळ्याच्या पाण्याला हात लावू नका, काठावर बसून खाऊ नका, असं सांगितलं, आणि शेजारच्या न्गाउरुहोए डोंगराच्या शिखरावर पाय ठेवत नाहीत हेही. 1887 मध्ये तिच्या जमातीचे प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ तुकिनो यांनी ही शिखरं दिली आणि त्यातून देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण ती सांगताना आजोबांच्या वाटणीपत्राबद्दल बोलावं तशी बोलत होती. संध्याकाळी बूट शेगडीपाशी ठेवले. सकाळी कोरडे.

मग तीन रात्री व्हांगानुईच्या काठी एका मराएवर, म्हणजे माओरी लोकांच्या एकत्र जमण्याच्या जागी. आधी गाइडने आम्हाला गृहपाठ दिला. मराएवर स्वतःची ओळख नावाने सुरू होत नाही. आधी आपला डोंगर, मग नदी, मग आपले लोक, आणि शेवटी नाव. मी जुन्नरचा. तीस वर्षं पुण्यात काढूनही उत्तर शोधावं लागलं नाही: डोंगर शिवनेरी, नदी कुकडी. बायको वाईची, तिची कृष्णा. मराएवरच्या एका आजीबाईंनी लांब सुरात साद घालून आम्हाला आत बोलावलं, दारात चपला काढल्या, सगळ्यांशी नाकाला नाक टेकवून झालं, आणि मी ते चार शब्द बोललो.

जेवताना त्याच आजी माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझा व्यवसाय त्यांनी विचारला नाही. विचारलं, ‘तुझ्या नदीला पाणी आहे का?’ मी माणिकडोह धरणाचं सांगितलं, उन्हाळ्यात गावापाशी पात्र कसं दिसतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आमचंही वरचं पाणी विजेसाठी दुसरीकडे वळवलंय. मग बराच वेळ आम्ही दोन नद्यांबद्दल बोलत होतो. 2017 च्या मार्चमध्ये तिथल्या संसदेने याच नदीला कायद्याने व्यक्ती मानलं. त्याच महिन्यात आपल्याकडे उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तसाच दर्जा दिला, पण जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. स्थगितीचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांना वाटलं म्हणून मलाही.

डोंगरांच्या भांडणाची गोष्ट इथे पुन्हा ऐकली, या वेळी त्या चिरेच्या काठावर बसून. व्हॅनमध्ये न ऐकलेला शेवटही कळला: टोंगारिरोने ती जखम भरून यावी म्हणून स्वच्छ पाणी सोडलं.

अडचणीही सांगतो. सगळे एकाच सभागृहात ओळीने गाद्या टाकून झोपतात. झोप हलकी असेल तर कानात बोळे हवेतच. उशीवर बसायचं नाही, हे मात्र आपल्या घरातही ऐकलेलं असतं. हांगीचा खड्डा उघडल्यावरचा मातीचा, पानांचा वास थेट अलिबागच्या पोपटीची आठवण देतो, पण शाकाहारी माणसाच्या पानात रताळं, बटाटा, भोपळा आणि पुन्हा रताळं. आधी कळवलंत तर आणखी काही मिळतं. आणि बर्फाची शिखरं हवी असतील तर टोंगारिरो उद्यानातल्या एकट्या रुआपेहू डोंगरावर समाधान मानावं लागेल.

तुमच्याबरोबर कॉलेजातली मुलं असतील, सगळं एकदा डोळ्यांखालून घालायचं असेल, तर मोठी सहल चुकीची नाही. जोडीने जाणार असाल, आणि आपल्या डोंगरात भरपूर चालून झालं असेल, तर मला विचाराल तर छोटी. आम्ही तिसऱ्यांदा जायचं म्हणतोय, तेव्हाही तीच. तिचं बुकिंग केलंत तर तुमचा डोंगर आणि नदी घरूनच ठरवून जा, आणि नदीत सध्या पाणी किती आहे ते गावी फोन करून विचारून ठेवा.