स्टारस्क्रीम की साउंडवेव?
तुळशीबागेत भाच्याने विचारलं, “मामा, ट्रान्सफॉर्मर्समधला, म्हणजे त्या रूप बदलणाऱ्या रोबोंमधला, जास्त डेंजर कोण?”

स्टारस्क्रीम एफ-१५ लढाऊ विमान होतो, आपल्याच टोळीचा म्होरक्या मेगाट्रॉन याची गादी बळकावायला कायम टपलेला. पण त्याचा डाव साऱ्या गावाला ठाऊक! असला कसला कपटी?

साउंडवेवचं बघा. १९८४च्या खेळण्यात तो चक्क कॅसेट रेकॉर्डर. मुळात जपानी टाकारा कंपनीच्या मायक्रोमॅन या खेळण्यांच्या मालिकेतला; तिथले असे रोबो खऱ्या वस्तूंच्याच मापाचे, म्हणून ह्याचा आकारही खऱ्या यंत्राएवढाच. घरात कुठेही पडून राहायचं नि ऐकत बसायचं. छातीतल्या कॅसेटीतून रॅव्हेज हा काळा जग्वार निघतो, तोही हेरच. वाड्यातल्या भिंतींना कान असतात, इथे टेपलाच. आणि मेगाट्रॉनशी मात्र एकनिष्ठ. माझं मत साउंडवेवला.

भाच्याने विमान उचललं. “कॅसेट म्हणजे काय, मामा?”