गिझरसाठी 16 अँपिअरचा स्मार्ट प्लग: संध्याकाळचा भार हलवण्याच्या दृष्टीने परीक्षण

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून घेतलेला, वायफायवर चालणारा आणि वीजवापर मोजणारा 16 अँपिअरचा स्मार्ट प्लग सध्या आमच्या कोथरूडच्या घरी 15 लिटरच्या, 2000 वॉटच्या गिझरला जोडलेला आहे. विक्रेते तो ‘बिल कमी करणारा’ म्हणून विकतात. हे वर्णन अपुरे आहे. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.6 युनिट वीज लागतेच, मग ते सकाळी तापवा किंवा रात्री. प्लग बदलू शकतो ती वेळ, आणि माझ्या मते याच कारणासाठी तो घ्यावा.

संध्याकाळी सूर्य मावळताना सौरवीज झपाट्याने घटते आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, इंडक्शन शेगड्या, एसी आणि गिझर एकदम सुरू होतात. ही तफावत भरून काढण्यासाठी 1960 मेगावॉट क्षमतेच्या कोयनेसारख्या जलविद्युत प्रकल्पाचे पाणी राखून ठेवावे लागते आणि औष्णिक केंद्रांना थोड्या वेळात उत्पादन वाढवावे लागते. एका घरात दीड टनाचा एसी, इंडक्शन आणि गिझर एकत्र चालले, तर भार सहज पाच किलोवॉटच्या पुढे जातो; यातला गिझर तासा-दोन तासांनी आधी चालवला, तर कोणाचीही गैरसोय होत नाही. म्हणून मी साडेचारला पाणी तापवून प्लग बंद होईल अशी वेळ लावली आहे. टाकीचे इन्सुलेशन चांगले असल्याने संध्याकाळच्या अंघोळीपर्यंत पाणी पुरेसे गरम राहते. जुन्या, पातळ आवरणाच्या टाकीत ही अपेक्षा ठेवू नये, कारण तिथे वाया जाणाऱ्या उष्णतेने फायदा खाऊन टाकला जाईल.

स्मार्ट टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर प्रति युनिट सवलत 1 जुलै 2025 पासून लागू झाली असल्याने या हलवाहलवीला पैशांचाही आधार मिळतो. तथापि गिझरच्या अर्ध्या-पाऊण युनिटावर मिळणारी सवलत किरकोळच आहे, आणि केवळ तिच्यासाठी प्लग घेणाऱ्याची निराशा होईल.

या प्लगचा मला सर्वाधिक भावलेला गुण म्हणजे त्याचा वॉटमापक. कोणते उपकरण किती ओढते हे डोळ्यांसमोर आले की घरातील सर्वांचे वागणे बदलते, आणि आमच्याकडे इस्त्री दुपारी होऊ लागली ती केवळ आकडा पाहून.

मर्यादाही गंभीर आहेत. वायफाय गेल्यावर वेळापत्रक चालू राहते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक पॅनेलच्या वॉशिंग मशीनला हा प्लग लावून उपयोग नाही, कारण वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी यंत्रातीलच ‘डिले स्टार्ट’ वापरावे. पाण्याच्या पंपासारख्या मोटरला तर तो लावूच नये, कारण सुरू होताना ती नेहमीच्या कैक पट प्रवाह ओढते. 3000 वॉटचा गिझर सुमारे 13 अँपिअर ओढतो, म्हणून तिथे सॉकेट आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि प्लग गरम होतो का, हे पहिले काही दिवस हात लावून पाहावे.